विश्लेषण : हातातला तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो, मग पाठीच्या कण्यातला का नाही?

हाताचा मज्जातंतू कापला गेला तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढू शकतो. मज्जारज्जूला इजा झाली तर मात्र अशी वाढ जवळजवळ होतच नाही. शरीर तेच, पेशींची मूळ रचनाही तीच. मग फरक कुठे पडतो? चेतापेशी आपला तंतू कसा वाढवते, याचा शंभरहून अधिक वर्षे शोध सुरू आहे. त्यातून हाती काय लागले आणि रुग्णांपर्यंत काय पोहोचले, याविषयी…

काच फुटून मनगटावर खोल जखम झाली आणि आतला मज्जातंतू तुटला, तर शल्यचिकित्सक सूक्ष्मदर्शकाखाली त्याची दोन टोके जोडतात. जखम भरते, टाके निघतात, पण बोटे बधिरच राहतात. काही आठवड्यांनी तपासणीच्या वेळी डॉक्टर तळहातापासून मनगटापर्यंत त्या मज्जातंतूवर हलक्या टिचक्या मारून पाहतात. एका ठिकाणी रुग्णाला एकदम झिणझिण्या येतात. त्या जाणवतात मात्र बधिर बोटात. पुढच्या महिन्यात ही जागा साधारण इंचभर पुढे सरकलेली असते. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना तपासताना फ्रेंच डॉक्टर ज्यूल टिनेल यांनी १९१५ मध्ये या खुणेचे वर्णन केले. आजही जगभरातले डॉक्टर ती तपासतात आणि तिला टिनेल यांचेच नाव आहे. ज्या जागी झिणझिण्या येतात, तिथवर नवे तंतू पोहोचलेले असतात.

टाके घातले म्हणजे तंतू जोडला गेला का?

नाही. बोलीभाषेत ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्हींसाठी वापरला जातो, त्यामुळे ‘नस जोडली’ म्हटले की पाइप जोडल्यासारखे चित्र डोळ्यासमोर येते. मज्जातंतू ही जाड केबल मानली, तर तिच्यात हजारो बारीक तारा असतात. त्या प्रत्येक तारेला अक्षतंतू म्हणतात. टाके घातले जातात ते केबलच्या बाहेरच्या आवरणाला. कापलेल्या जागेच्या पलीकडे राहिलेले अक्षतंतू काही दिवसांत मरून जातात, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेतील मज्जातंतूंवर दाखवले होते. पलीकडे उरते ती फक्त मोकळी नळी. तिच्यातून अक्षतंतूला मूळ पेशीच्या बाजूने नव्याने वाढत जावे लागते. शल्यचिकित्सक वाट जुळवून देतो; चालायचे पेशीलाच असते.

एक पेशी आणि एक मीटर लांब तंतू?

पायाच्या अंगठ्याला स्पर्श झाल्याचे कळवणाऱ्या पेशीचे मुख्य शरीर कंबरेच्या मणक्यांजवळ असते. तिचा तंतू तिथून थेट अंगठ्यापर्यंत जातो. प्रौढ माणसात ही लांबी सुमारे एक मीटर भरते, आणि पेशीचे शरीर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे असते. हेच प्रमाण मोठे करून पाहू. पेशीचे शरीर म्हणजे दहा बाय दहाची खोली धरली, तर तिच्यातून निघालेला तंतू साधारण ६० किलोमीटर लांब होईल, म्हणजे मुंबईत सीएसएमटीपासून अंबरनाथपर्यंत. ही खोली सीएसएमटीला बसून अंबरनाथचे बांधकाम करते. सगळे सामान इथूनच पाठवायचे, तर पोहोचणार कधी, हा प्रश्न ओघानेच येतो. त्याकडे पुढे येऊ.

वाढ नेमकी कुठे होते?

केस मुळातून वाढतात. गर्भातला वाढता अक्षतंतू मात्र टोकाकडून वाढतो. स्पेनचे सँतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या मज्जारज्जूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिले, तेव्हा वाढत्या तंतूंच्या टोकाशी त्यांना शंकूसारखा फुगीर भाग दिसला. त्यालाच आज ‘ग्रोथ कोन’ म्हणतात. काहाल यांच्यासमोर होते ते मेलेल्या, रंगवलेल्या ऊतींचे काप. तरीही हा भाग जिवंतपणी वाट काढत पुढे घुसत असणार, असे त्यांनी ओळखले आणि भिंत फोडायच्या ओंडक्याची उपमा त्याला दिली. फक्त हा ओंडका मऊ आणि लवचिक. त्या काळी अनेक शास्त्रज्ञांना हे मान्य नव्हते. बऱ्याच पेशी एकमेकींना चिकटून जागच्या जागी तंतू तयार होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

हा वाद मिटवला तो अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी. १९०७ मध्ये त्यांनी बेडकाच्या गर्भातील चेताऊतीचा कण लसिकेच्या थेंबात ठेवला आणि तो थेंब काचेला खालून टांगला. सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीतून तंतू बाहेर पडून वाढताना त्यांना प्रत्यक्ष दिसला. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून त्यांचा अभ्यास करण्याच्या तंत्राची ही सुरुवात मानली जाते. आज लशींपासून कर्करोगाच्या औषधांपर्यंत सगळीकडे वापरले जाणारे हे तंत्र मुळात तंतूंवरच्या एका वादातून जन्माला आले.

टोक पुढे सरकते कसे?

इथे दोन प्रथिनांचे काम आहे. पहिले ॲक्टिन. याचे सुटे कण एकमेकांना जोडले जाऊन बारीक दोरे तयार होतात. ग्रोथ कोनच्या कडेला हे दोरे सतत बनतात आणि बोटांसारखे फाटे बाहेर काढतात. हे फाटे आजूबाजूला चाचपडतात, आखडतात, पुन्हा बाहेर येतात. दुसरे प्रथिन ट्यूब्युलिन. त्याच्या कणांपासून पोकळ सूक्ष्मनलिका बनतात. या नलिकांची जाडी २५ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण तीन हजारावा भाग. तंतूच्या आत रुळांसारख्या पसरलेल्या याच नलिका त्याला ताठपणा देतात.

गंमत अशी, की ग्रोथ कोनमधले ॲक्टिनचे जाळे पुढे जात नाही. कडेला नवे दोरे बनत असताना मायोसिन हे मोटर-प्रथिन सगळे जाळे मागे ओढत असते. स्नायू आकुंचन पावतात तेही मायोसिनमुळेच. म्हणजे इंजिन चालू, पण गाडी जागेवर. टिमोथी मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी १९८८ मध्ये याचे स्पष्टीकरण देताना चक्क ‘क्लच’ची कल्पना मांडली. बाईकचे इंजिन फिरत असते, पण क्लच दाबलेला असेपर्यंत चाक फिरत नाही. ग्रोथ कोनच्या पृष्ठभागावरची काही प्रथिने बाहेरच्या आधाराला चिकटली आणि आतून ॲक्टिनच्या जाळ्याला जोडली गेली, की क्लच सुटल्यासारखे होते. जाळ्याचे मागे सरकणे मंदावते, कडा पुढे जाते. जिथे पकड बसली तिथे सूक्ष्मनलिका आत शिरतात आणि कालपर्यंत चाचपडणारा भाग तंतूचा पक्का भाग होतो. पकडायला बाहेर काही नसेल तर टोक नुसते जागच्या जागी वळवळत राहते.

आता ६० किलोमीटरच्या बांधकामाच्या सामानाचा प्रश्न. सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून कायनेसिन नावाचे प्रथिन सामानाच्या पिशव्या वाहून नेते, एका वेळी आठ नॅनोमीटरचे पाऊल टाकत. या मार्गाने काही सामान दिवसाला ४० सेंटीमीटरपर्यंत जाते. मात्र ॲक्टिन, ट्यूब्युलिन हा मुख्य माल पॅसेंजर गाडीने येतो; दिवसाला फार तर काही मिलिमीटर. तुटलेल्या तंतूच्या वाढीचा वेगही याच घरातला आहे, आणि हा निव्वळ योगायोग नसावा असे अभ्यासकांना वाटते.

टोक अगदीच परावलंबी असते असेही नाही. प्रथिने बनवण्याच्या काही आज्ञा, म्हणजे एमआरएनए, टोकापर्यंत आधीच पोहोचवलेल्या असतात. १९८७ मध्ये बेडकाच्या गर्भात डोळ्याकडून मेंदूकडे निघालेले अक्षतंतू मूळ पेशीपासून कापले गेले, तरी त्यांची टोके काही तास योग्य दिशेने वाटचाल करत राहिली. मुख्यालयाशी संपर्क तुटला तरी साइटवरचे काम सुरूच!

वाट दाखवतो कोण?

गर्भात कोट्यवधी तंतू एकाच वेळी वाढत असतात आणि बहुतेक बरोबर ठिकाणी पोहोचतात. त्यांना दिशा देणारे रेणू वाटेवरच्या पेशी सोडतात, ही कल्पना काहाल यांनीच मांडली होती. पण प्रत्यक्ष रेणू सापडायला शंभर वर्षे गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को संकुलातील मार्क टेसिए-लाविन यांच्या गटाने १९९४ मध्ये असे एक प्रथिन वेगळे काढले. त्यासाठी कोंबडीच्या सुमारे २५ हजार गर्भांचे मेंदू वापरावे लागले. या प्रथिनाला त्यांनी नाव दिले नेट्रिन. हे नाव संस्कृतमधून आले आहे: ‘नेतृ’, म्हणजे नेणारा. मराठीतला ‘नेता’ही तिथलाच, पण ती तुलना फार ताणायला नको.

किंबहुना थोडी ताणता येईल. हेच नेट्रिन काही तंतूंना जवळ खेचते आणि काहींना दूर ढकलते. फरक पडतो तो टोकावर कोणता ग्राहक रेणू आहे आणि पेशीच्या आतली रासायनिक स्थिती काय आहे यावर. पाठ्यपुस्तकांत अनेक वर्षे असे सांगितले जात होते, की मज्जारज्जूच्या मध्यरेषेवरून नेट्रिन वासासारखे पसरते आणि तंतू त्याच्या दिशेने खेचले जातात. २०१७ मध्ये उंदरांवरील दोन स्वतंत्र अभ्यासांनी या चित्राला धक्का दिला. मध्यरेषेवरचे नेट्रिन काढून टाकले तरी बरेच तंतू तिथे पोहोचले. वाटेवर अंथरलेल्या नेट्रिनचा वाटा मोठा दिसला. त्यावर अद्याप चर्चा सुरू आहे.

मागे हटवणारे रेणूही आहेत. सेमाफोरिन या गटाचे नाव रेल्वेच्या जुन्या हाताच्या सिग्नलवरून आले आहे. त्यातले एक प्रथिन लागताच ग्रोथ कोनची बोटे आखडतात आणि टोक कोसळते. मध्यरेषेवर ‘स्लिट’ नावाचे प्रथिन पहारा देते. एकदा रेषा ओलांडलेल्या तंतूच्या टोकावर ‘रोबो’ हा ग्राहक रेणू येतो आणि स्लिट त्याला पुन्हा मागे फिरू देत नाही. फळमाशीत रोबोचे जनुक बिघडले की तंतू मध्यरेषेभोवती घुटमळत राहतात, चौकातल्या सर्कलला फेऱ्या मारणाऱ्या गाडीसारखे. ‘रोबो’ हे ‘राउंडअबाउट’चेच लघुरूप.

माणसांत या वाटा चुकल्या तर काय होते, याचे उदाहरण २०१० मध्ये कॅनडातील एका फ्रेंचभाषक कुटुंबात सापडले. त्यातील काही जणांनी एका हाताने काही करायला घेतले, की दुसरा हातही आपोआप तशीच हालचाल करतो. उजव्या हाताने लिहावे तर डावाही हवेत लिहू लागतो. या व्यक्तींमध्ये ‘डीसीसी’ या जनुकात बिघाड होता. नेट्रिनचा संदेश घेणारा ग्राहक रेणू याच जनुकातून बनतो. मेंदूची एक बाजू शरीराच्या विरुद्ध बाजूचा हात हलवते ती मध्यरेषा ओलांडणाऱ्या तंतूंमुळे. हे ओलांडणे नीट झाले नाही तर आज्ञा दोन्ही हातांना जाते.

अंड्यांवरचे प्रयोग आणि नोबेल

वाट सापडली तरी तंतूला तगून राहायला खुराक लागतो. याचा शोध इटलीच्या रिता लेव्ही-मोंतालचिनी यांनी लावला. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे ज्यू असलेल्या रिता यांना विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले. त्यांनी तुरिनमधील घरी, झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर काम सुरू ठेवले. युद्धानंतर अमेरिकेत गेल्यावर त्यांना आढळले, की उंदराच्या एका गाठीचा तुकडा शेजारी ठेवला की चेतापेशींतून चोहीकडे तंतू फुटतात, सूर्याभोवतीच्या खळ्यासारखे. गाठीतून झिरपणारा हा पदार्थ म्हणजे ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’. तो वेगळा काढणारे स्टॅनली कोहेन आणि रिता यांना १९८६ मध्ये नोबेल मिळाले. हाच घटक असलेले डोळ्यांत टाकायचे थेंब, सेनेजरमिन, बुबुळाची संवेदना गेलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले.

सदाफुलीचा इथे काय संबंध?

अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषध रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते. ते ट्यूब्युलिनला चिकटते आणि सूक्ष्मनलिका बनू देत नाही, त्यामुळे कर्करोगाच्या पेशीचे विभाजन अडते. पण नलिका तर चेतापेशीलाही हव्यात. म्हणून हे औषध घेणाऱ्या अनेक रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. सुरुवात बोटांच्या टोकांपासून होते, कारण सर्वांत लांब तंतूंची रसद आधी तुटते. सदाफुलीची पाने घरी उकळून पिणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले बरे.

मज्जारज्जूत वाढ का थांबते?

मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशींमध्ये वाढायची क्षमताच नसते, असे दीर्घकाळ मानले जात होते. वास्तविक बेडकाचा दृष्टीतंतू कापला तर पुन्हा वाढतो. रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात बेडकाचा डोळा उलटा फिरवून बसवला, तर तंतू मेंदूतल्या आपापल्या जुन्या जागी जाऊन जोडले गेले. परिणामी बेडूक किडा वर असताना जीभ खाली मारू लागला. सस्तन प्राण्यांत मात्र असे होत नाही.

दोष पेशीचा की परिसराचा? माँट्रियलमधील सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी १९८१ मध्ये उंदरांच्या पायाच्या मज्जातंतूचा तुकडा घेतला आणि मेंदूचा तळ व मज्जारज्जू यांच्यामध्ये पुलासारखा बसवला. ‘न वाढणाऱ्या’ पेशींचे तंतू त्यात शिरले आणि सुमारे तीन सेंटीमीटर वाढले. पूल ओलांडून मज्जारज्जूत शिरताच ते पुन्हा थांबले. पेशींत वाढायची धमक होती, हे यातून स्पष्ट झाले.

हातापायांतील तंतूंभोवती श्वान पेशी असतात. इजेनंतर त्या जुना कचरा साफ करतात, वाढीचे घटक सोडतात आणि नळी तयार ठेवतात. मज्जारज्जूतील आवरण वेगळ्या पेशींचे असते. कचरा हटायला फार वेळ लागतो आणि त्या आवरणातच वाढ रोखणारी प्रथिने असतात. त्यातल्या एका प्रथिनाचे जनुक २०००मध्ये हाती लागले. झुरिचचे मार्टिन श्वाब अनेक वर्षे त्याच्या मागावर होते. त्याला नाव मिळाले ‘नोगो’, म्हणजे पुढे जाऊ नका. जखमेच्या जागी बनणारा घट्ट व्रण हा आणखी एक अडथळा. आणि पेशीच्या आतही ब्रेक लागलेला असतो: वय वाढते तशी वाढीची यंत्रणा मंदावते. झिगांग हे यांच्या गटाने २००८ मध्ये उंदरांत ‘पीटेन’ हे जनुक काढून टाकले, तेव्हा दृष्टीतंतू पुन्हा वाढू लागले. पण पीटेन हे शरीरात गाठी होऊ नयेत म्हणून काम करणारे जनुक आहे. ते माणसात सरसकट बंद करणे म्हणजे कर्करोगाला आमंत्रण.

औषध कुठवर आले?

नोगोला अडवणारे प्रतिपिंड प्राण्यांत उपयोगी ठरले. मानेच्या मज्जारज्जूला ताजी इजा झालेल्या शंभराहून अधिक रुग्णांवर युरोपात त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आले. एकूण रुग्णांचा विचार करता औषध आणि निव्वळ दाखवायचे इंजेक्शन यांत ठोस फरक दिसला नाही. ज्यांचा मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नव्हता, अशा काहींत सुधारणेची चिन्हे होती. जर्मनीतील फ्रांक ब्राडके यांच्या गटाने २०१५ मध्ये वेगळ्या बाजूने हात घातला. सूक्ष्मनलिकांना स्थिर करणारे एपोथिलोन बी थोड्या मात्रेत दिले, तर उंदरांत व्रण कमी झाला आणि तंतूही वाढले. माणसांसाठी यातले काहीही अजून नेहमीच्या उपचारात नाही.

या पोकळीत ‘स्टेम सेल’ उपचारांच्या जाहिराती शिरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांतील मान्य उपचार वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. मज्जारज्जूच्या इजेवर लाखोंचे पॅकेज कुणी देऊ करत असेल, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा. आणि चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत.

मिलिमीटर आणि महिन्यांचा हिशेब

हातापायांतला तंतू वाढतो हे खरे, पण तिथेही वेळेची मर्यादा आहे. बाईकवरून पडून मान आणि खांदा विरुद्ध दिशांना ताणले गेले, की मानेतून हाताकडे जाणारे मज्जातंतू तुटू किंवा मुळातून उपटले जाऊ शकतात. तरुण दुचाकीस्वारांत ही इजा विशेष आढळते. मानेपासून तळहाताच्या स्नायूंपर्यंतचे अंतर साधारण ६०० मिलिमीटर. दिवसाला एक मिलिमीटर धरल्यास २० महिने. मज्जातंतूविना पडलेला स्नायू मात्र वर्ष-दीड वर्षात इतका खंगतो, की नंतर तंतू पोहोचला तरी त्याला हलवता येत नाही.

वाढीचा वेग वाढवणे अजून जमलेले नाही, म्हणून शल्यचिकित्सक अंतर कमी करतात. फ्रेंच शल्यचिकित्सक क्रिस्तोफ ओबेर्लँ यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत करंगळीच्या बाजूच्या धडधाकट मज्जातंतूतील थोडे तंतू काढून दंडाच्या स्नायूला अगदी जवळून जोडतात. वाट काही सेंटीमीटरची उरते आणि कोपर पुन्हा वाकू लागते. त्यासाठी रुग्ण वेळेत यावा लागतो. इजेनंतर तीन ते सहा महिन्यांत निर्णय व्हावा, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. ‘हात हळूहळू येईल, मालिश करत राहा’ या सल्ल्यावर वर्ष काढून आलेल्यांसाठी हा पर्याय बहुतेकदा उरलेला नसतो.